परत येणारा शालू

आमच्या घरी एक शालू होता. डाळिंबी रंग, अंगभर जरीचे बुट्टे आणि पदर इतका जड की लहान मुलीच्या खांद्यावर टाकला तर ती एका बाजूला कलायची. बनारसचा आहे असं सगळे सांगत; कोणी आणला आणि केव्हा, यावर घरात दोन माणसांचं एकमत नव्हतं. तो असायचा थोरल्या काकीच्या ताब्यात. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात खालच्या दोन खोल्या काका-काकींच्या, वरच्या दोन आमच्या. काकांचं सायकलचं दुकान होतं, माझे वडील कोर्टात कारकून. घरात श्रीमंती म्हणावी अशी वस्तू ही एकच, आणि तीही वर्षातून एकदा दिसायची.

दसरा झाला की काकी पत्र्याची ट्रंक उघडायची. शालू जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेला, वर कडुनिंबाची वाळकी पानं. तो माडीवर सावलीत पसरायचा, वारा द्यायचा आणि मग घडी बदलायची. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवला तर रेशीम त्या रेघेवर चिरतं, म्हणून दर वर्षी मोड नव्या जागी घालायची. या कामाला दोन माणसं लागतात. दुसरं टोक धरायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझे हात कोरडे असत. धाकटी बहीण उंबऱ्यावर बसून बघायची. तिच्या तळव्यांना घाम यायचा.

काकी एका घडीला एक गोष्ट सांगायची. क्रम ठरलेला होता आणि शेवटचं वाक्यही.

पहिली गोष्ट आजोबांच्या बहिणीची. तिला आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. पेठेतल्या तालमीत एक पैलवान होता. तो रोज दारावरून जायचा, ही रोज पायरीवर असायची. एकदा त्यानं तिची भरलेली घागर एका हातानं उचलून दारात ठेवली आणि न बोलता निघून गेला. त्या घागरीतलं पाणी तिनं दोन दिवस कोणाला घेऊ दिलं नाही म्हणे. मग घरच्यांनी ओळखलं आणि लग्न लावलं, याच शालूत. पुढे गाठीचा ताप आला. गाव मोकळा झाला, माणसं रानात झोपड्या घालून राहिली. पैलवानाच्या काखेत गाठ उठली. सख्खे भाऊ दूर झाले, ही झोपडीत त्याच्यापाशी राहिली. तो उठला आणि ती निजली.

"तिनं आपलं आयुष्य त्याच्या पदरात घातलं," काकी म्हणायची. "लेकरू न्हवतं म्हणून सासरच्यांनी शालू परत पाठवला."

दुसरी गोष्ट आमच्या आत्याची, वडिलांच्या बहिणीची. तेव्हा कोल्हापुरात सिनेमाचे स्टुडिओ जोरात होते आणि तिथं पडदे रंगवणारा एक मुलगा रविवारी रंकाळ्यावर चित्रं काढत बसायचा. आत्या मैत्रिणींबरोबर तिथं जायची. त्यानं चित्रात तळ्याच्या काठावर एक बाई घातली; तिला तिथं उभं राहायला जागासुद्धा नव्हती, पण घातली. ते चित्र त्यानं तिच्या दारात आणून दिलं. माझ्या आजोबांनी त्याला जिन्यावरून खाली घातलं आणि वर्षभरानं त्यालाच जावई केलं. तिचं अक्षतांच्या शालूतलं चित्र त्यानं काढलं, ते मी पाहिलं आहे. गाल गुलाबी आहेत. बघणारे म्हणायचे, काय कांती आहे. तो क्षयाचा ताप होता. तिच्यामागंही मूल नव्हतं. दुसरी बायको घरात यायच्या आधी त्यानं शालू आमच्याकडे पोचवला. दुसरी बायको दर शुक्रवारी त्या चित्राला हळदीकुंकू लावायची.

घड्या संपल्या की काकी शालू धोतरात बांधायची आणि शेवटचं वाक्य म्हणायची, "ह्या शालूत अक्षता पडलेल्या बाईचं कपाळ कधी पांढरं झालं न्हाय. आणि कुठंबी जाऊ दे, आपल्या पायानं घरी येतोय."

लहानपणी मला हे सगळं फार आवडायचं. पैलवानानं पुढे आणखी दोन बायका केल्या आणि म्हातारा होऊन गेला, हे मला वडिलांनी सांगितलं. काकीच्या गोष्टीत तो झोपडीच्या दारातच संपायचा.

खरं तर आमच्याकडे अक्षतांचा शालू मुलाकडून येतो. पण आमच्या घरानं आपली वेगळी रीत घातली होती: मुलगी अक्षतांना घरच्याच शालूत उभी राहणार, तुमचा शालू वरातीला. मुलाकडची माणसं आधी तोंड वाकडं करत. मग काकी त्यांना शालूचा गुण सांगायची आणि ती लगेच कबूल होत. का कबूल होत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझं लग्न झालं तेव्हा शालू हुबळीला होता. काकीची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा वर्षानं मोठी, माझ्या आधी काही महिने तो नेसून हुबळीला गेली होती आणि सासूनं तो ठेवून घेतला होता. मी नवऱ्याकडच्या साध्या जरीकाठी शालूत उभी राहिले. पेठेतल्या बायका पुढे बरीच वर्षं मला बिनशालूची म्हणायच्या. माझा नवरा अजून आहे, त्याचे गुडघे दुखतात आणि तो घोरतो.

चुलतबहीण दुसऱ्या वर्षी गेली. स्टोव्हचा भडका झाला, असं हुबळीहून कळवलं. काका आणि माझे वडील गेले तोवर सगळं उरकलेलं होतं. सासरच्यांनी चहा दिला आणि निघताना चादरीत बांधलेला शालू काकांच्या हातात ठेवला. इतर काही परत दिलं नाही. तो एवढ्या तत्परतेनं कसा दिला, हे वडिलांनी घरात मोठ्यानं विचारलं. पुढे पोलिसात जायचं का यावर बोलणी झाली आणि ती तशीच राहिली. मुलगी परत येणार नव्हती आणि हुबळी लांब होती, असं ठरलं.

काकी मात्र रडणं संपल्यावर ताठ उठून बसली. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, सवाष्ण गेली, सोनं झालं पोरीचं. काकी मान हलवायची. त्या दसऱ्याला तिनं शालू काढला, मला बोलावलं, दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि तिसऱ्या घडीला नुसतीच गप्प राहिली. शेवटचं वाक्य मात्र म्हणाली.

आता धाकटीचं. ती माझ्याहून बरीच लहान. शाळेत असताना तिला सांधेताप आला. गुडघे, मनगटं सुजली, महिनाभर अंथरुणात होती. बरी झाली, पण जिना चढली की मधल्या पायरीवर बसायची. जोतिबाला गेलं की आम्ही दर्शन घेऊन परत यायचो तरी ती निम्म्या पायऱ्यांवर. आई म्हणायची, चढाचा दम आहे. मी जिल्हा परिषदेत नोकरीला लागल्यावर तिला स्वतः मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बराच वेळ नळी छातीला लावून ठेवली. तापानं हृदयाची झडप आवळली आहे, म्हणाले. रोजची कामं करू द्या, लग्नही करा. पण मूल होऊ देऊ नका. बाळंतपणात या हृदयाचं पाणी होईल. हे त्यांनी आईसमोर सांगितलं, साध्या मराठीत. घरी येईपर्यंत आईनं त्याचं "जरा जपायला सांगितलंय" असं करून टाकलं.

धाकटी एका दुकानात बिलं टाइप करायची. शाळा-कॉलेजांना काचेचं सामान पुरवणारं दुकान होतं. वारणानगरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करणारा एक मुलगा तिथं खरेदीला यायचा. एकतरी परीक्षानळी फुटकी निघाली असं सांगून तो दर पंधरवड्याला बदलायला यायला लागला. मालक म्हणाला, "पावणं, एवढ्या नळ्या फुटायला तुम्ही त्या एस.टी.च्या टपावर ठेवता की काय?" तेव्हा धाकटी हसली आणि काम झालं.

मुलाचं घर जयसिंगपूरचं. वडील नव्हते, आईनं धान्याच्या दुकानावर बसून दोन मुलं वाढवलेली. जात, गोत, सगळं जमत होतं. ती बाई बघायला आली. चहा झाला, आणि शालूचा विषय निघाला.

"शालू आमच्याकडनं येतो. रीत हाय," ती म्हणाली.

काकीनं आपलं सगळं सांगितलं. पैलवान, झोपडी, रंकाळा. बाई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे नवऱ्याला काय धोका न्हाय म्हणायचा."

"शंभर वर्षं."

"मग नेसवा की. मी कशाला आड येऊ? माझं कपाळ मी भरल्या घरात पुसलंय. माझ्या पोराच्या बायकोला ते नको."

तिच्या बाजूनं ते अगदी बरोबर होतं. ती आपल्या मुलाचा जीव सांभाळत होती. आमच्या बाजूनं मात्र कोणी मुलीच्या जिवाचं बोललं नाही. आई बशीतली बिस्किटं सारखी करत होती. वडील पानाला चुना लावत होते. मी तोंड उघडलं तेव्हा आईनं माझ्या मांडीला चिमटा घेतला. मी तेव्हा दोन मुलांची आई होते.

लग्नाच्या आधी शालूला वारा द्यायला काढला. माडीवर काकी, आई, मी आणि उंबऱ्यावर धाकटी. काकीनं घागरीची गोष्ट सुरू केली. मी टोक धरून उभी होते आणि प्रथमच मला ती गोष्ट बाहेरून ऐकू आली. लहानपणापासून दर दसऱ्याला ऐकलेली आणि कधी बेरीज केली नव्हती.

"काकी," मी म्हटलं, "ह्यातली एक तरी म्हातारी झाली का?"

"म्हंजे?"

"तिघी नेसल्या. तिघींची कपाळं शाबूत. पण एकीचे तरी केस पांढरे झाले का?"

"लग्नाच्या घरात काय बोलतीस?" आई म्हणाली.

"विधवा न होण्याचे दोन मार्ग असतात. नवरा जगतो, न्हायतर बायको आधी मरते. ह्या शालूला दुसराच मार्ग ठाऊक आहे. आणि परत येतो म्हणता. नेसणारी जिवंत असती तर तो तिच्या ट्रंकेत असता. आपल्या ट्रंकेत कशाला आला असता?"

काकी शालूचा पदर हातात धरून खाली बसली.

"माझी पोर सवाष्ण गेली," ती म्हणाली. "तेवढं तरी मला राहू दे की."

स्टोव्हचं जे काही झालं ते तिला माझ्याइतकंच कळत होतं, आणि ते न कळण्यासाठी तिच्याकडे हा एकच शालू होता. आम्ही घडी पुरी केली.

मी एवढंच केलं. धाकटीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, त्याला डॉक्टरचं सगळं सांग. तू सांगितलं नाहीस तर मी अक्षता पडायच्या आधी माइकवर सांगेन. मी सांगितलं असतं हे तिला माहीत होतं. ती दुकानातून सुटल्यावर त्याला भेटली.

"काय म्हणाला?"

"आधी नळ्यांचा खोका खाली ठेवला. मग म्हणाला, मूल नको. तू पायजेस."

"आणि त्याच्या आईला?"

"तो सांगणार हाय."

"कधी?"

"अक्का, हुबळीच्या वेळी तू पोलिसात का गेली न्हाईस गं?"

शालूचं विचारलं तर म्हणाली, "नेसले तरी झडप तीच, न नेसले तरी तीच. काकीला न्हाय म्हणवत न्हाय. तिच्या तोंडाकडं बघ."

ती नेसली. मंगलाष्टकं लांबली आणि पदराच्या ओझ्यानं तिला धाप लागली. मामानं मागून तिला धरलं होतं. बायका म्हणाल्या, लाजून वाकली. काकीनं लांबूनच बोटं मोडून दृष्ट काढली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी हुबळीनंतर पाहिलं नव्हतं.

वारणानगरला त्यांना क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागं पेरूचं झाड. मी महिन्यातून एकदा जायची. त्यानं जिना नको म्हणून तळमजला मागून घेतला होता. पाणी तोच भरायचा, आणि शेजारचे त्याला बाईलवेडा म्हणायचे. तो ते ऐकून बादली उचलायचा. पहिली दोन वर्षं चांगली गेली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की चांगलं काही नव्हतंच.

त्यानं आईला सांगितलं नव्हतं. आज सांगतो, सणाला सांगतो, असं चाललं होतं. सासू दर खेपेला पाळण्याचं विचारायची. तिनं नवस केले, गंडे आणले, वैद्याच्या पुड्या आणल्या. धाकटी पुड्या पेरूच्या बुंध्यात टाकायची. मग सासूनं विचारणं सोडून शालूचं सुरू केलं. गुणाचा शालू नेसलेली बाई, तिला कसली भीती. शेजारणींना सांगायची, आमची सून शालूची आहे. कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला तो बघायला येत. धाकटी तो काढून दाखवायची. मी एकदा तिला तो दाखवताना पाहिलं. पैलवानाची गोष्ट सांगत होती, अगदी काकीच्या शब्दांत.

तिसऱ्या वर्षी मी गेले तर ती दाराकडे पाठ करून भाकरी थापत होती. वळली तेव्हा दिसलं. पाच महिने तरी झाले असावेत. मी पिशवी खाली ठेवली.

"मला का कळवलं नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, पाडून टाक."

"म्हणालेच असते."

"म्हणून."

तो दारात येऊन उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. त्यालाही तिनं वेळ निघून गेल्यावरच सांगितलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस?"

"न्हाय. सगळं आठवतंय." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पण अक्का, रोज उठून किती दिवस मरायचं न्हाय म्हणून जपत बसू? जपून जपून मी निम्मी काचेची झाले. आणि सगळ्या बायका म्हणतात, शालूवालीचं वाईट होत न्हाय. थोडा इश्वास ठेवला तर काय बिघडलं?"

"काकीनं काय विश्वास ठेवला ते तू बघितलंस. त्या दिवशी उंबऱ्यावर तूच होतीस."

"व्हय. तू बोललीस ते खरंच हाय. पण खरं घेऊन झोप लागत न्हाय."

मी तिला त्याच दिवशी कोल्हापूरला आणलं. पुढचे महिने ती माझ्याकडे राहिली, कारण माझं घर तळमजल्यावर होतं. मीठ बंद, पाठीशी उशांचा ढीग, पायाला सूज. झोप बसूनच लागायची. आई रोज यायची आणि बाळंतविड्याचं बोलायची. सासू जयसिंगपूरहून डिंकाचे लाडू घेऊन आली. तेव्हा मी तिला झडपेचं सगळं सांगितलं, सरळ. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर मी पुड्या आणल्या असत्या का?" तिच्याशी मी कधी भांडले नाही ते या वाक्यामुळे.

त्या घरात आणि या घरात कोणीच दुष्ट नव्हतं. सगळ्यांना अवघड बोलायचं होतं, आणि शालूमुळे न बोलायची सोय झाली. माझं म्हणणं एवढंच आहे.

मुलगी झाली. दवाखान्यात सगळ्यांनी करायचं ते केलं. बाळ रडलं, धाकटीनं ते बघितलं, "नाक त्याच्यावर गेलंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत पाणी भरलं. फेस यायला लागला. मी तिला मागून धरून बसवलं होतं, लग्नात मामानं धरलं होतं तशी. तिची पाठ घामानं भिजली होती. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

सवाष्ण गेली म्हणजे काय काय करतात ते आमच्याकडे ठरलेलं आहे. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट, ओटी. गल्लीतल्या बायका ओळीनं येतात, तिच्या कपाळाचं कुंकू बोटाला घेऊन आपल्या कपाळाला लावतात, असं मरण आपल्याला यावं म्हणून. त्या दिवशी ओळ बोळाच्या तोंडापर्यंत गेली होती, कारण ही शालूची होती. एक नवी नवरी हातातली पिशवी दुसरीकडे देऊन पुढे झाली. मी तिला विचारलं, "किती वर्षांची तू?" ती गोंधळली. तिच्या सासूनं तिला पुढे ढकललं. कोणीतरी मागं म्हणालं, "शालू खरा हाय बाई." मी बाळाला घेऊन शेजारच्या घरात जाऊन बसले.

दिवस झाल्यावर धाकटीचा नवरा आला. हातात चादरीत बांधलेला शालू. काकीच्या दारात न ठेवता माझ्याकडे आणला.

"ह्याचं काय ते तुम्ही करा," तो म्हणाला. "माझ्या मुलीच्या अंगाला लागू देऊ नका."

काकीला कोणीतरी सांगितलंच. ती धोतर आणि कडुनिंबाची पानं घेऊन आली. डोळे सुजलेले, पण हात स्थिर. "दे," म्हणाली. "घडी घालूया. पोर मोठी झाली की तिला—"

"नाही," मी म्हटलं.

"अगं, चौघींचा हाय तो."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि हुपरीची एस.टी. धरली. तिथं घराघरात चांदीचं काम चालतं. पुढच्या खोलीत पैंजण जोडतात, मागच्या खोलीत स्वयंपाक. जुन्या शालूंची जर जाळून चांदी काढून देणारं एक घर मला ऑफिसातल्या एका बाईनं सांगितलं होतं. तिथल्या माणसानं शालू सतरंजीवर उलगडला, पदर बोटांत चोळला आणि जर खरी आहे म्हणाला. त्याची बायको पैंजणाच्या कड्या जोडत होती. ती हातातलं काम ठेवून आली.

"असला शालू कोण जाळतं का बाई? कुणाचा हाय?"

"माझ्या बहिणीचा. गेली ती."

"सवाष्ण?"

"हो."

तिनं लगेच पदराला हात लावून कपाळाला लावला. "मग ह्यो जाळू नगा. मला द्या. लेकीचं लगीन काढलंय औंदा."

लेक चुलीपाशी बसली होती. सोळा-सतरा वर्षांची, केसांना तेल, हाताला चांदीची काळी राख. ती शालूकडे बघत होती. तिला तो आवडला होता, आणि तो होताच तसा.

"जाळा," मी त्या माणसाला म्हटलं. "माझ्यासमोर."

त्यानं पदर आणि काठ कातरीनं तोडले, बुट्ट्यांचं कापड वेगळं केलं आणि मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात पेटवलं. रेशीम जळताना केसांसारखा वास येतो. धूर फार झाला नाही. राहिलेली काळी गुंडाळी त्यानं मुशीत घालून भट्टीवर धरली. एवढ्या मोठ्या शालूची चांदी निघाली ती माझ्या मुठीत मावली. वर थोडीशी पिवळी झाक होती.

"काय करायचं ह्याचं? पैंजण?" त्यानं विचारलं.

मी घरून काही ठरवून गेले नव्हते. पण बाळाला बाटली सोसत नव्हती. सगळं दूध नाकातून यायचं आणि आम्ही वाटी-चमच्यानं सांडत-लवंडत पाजत होतो. "बोंडलं करा," मी म्हटलं. "चोच बारीक ठेवा." चांदी कमी पडली. त्यानं आपल्याकडची थोडी घातली.

मुलगी माझ्याकडेच वाढली. तो दर रविवारी यायचा आणि यायचा तेव्हा घरातलं पाणी भरायचा, आमच्याकडे नळ असूनही. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. करावं असं मी त्याला दोनदा सांगितलं.

काकी माझ्याशी बोलायची बंद झाली. माहेरी गेल्यावर जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीकडे बघायची. दसऱ्याला तिनं रिकामी ट्रंक उघडून पुसली आणि बंद केली, असं आईनं सांगितलं. मग एका सकाळी ती माझ्या घरी आली, बाळ माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि बोंडलं हातात घेऊन चोचीपासून बुडापर्यंत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यात दूध ओतलं आणि पाजायला लागली. गोष्ट सांगितली नाही. त्यानंतर रोज यायची.

बाळानं अंग धरलं. पहिल्या वर्षात तिला साधं पडसंही फारसं झालं नाही. उकळलेलं पाणी आणि ताजं दूध, त्याशिवाय त्यात काही नव्हतं. पण पेठेत बोलणं सुरू झालं होतं. वरच्या आळीतली एक बाई, तिचं नातवंड अशक्त होतं, एक दिवस दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, ते बोंडलं जरा देता का? लेकराच्या पोटात दूध ठरत न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "शालूच्या चांदीचं हाय न्हवं ते?"

काकी आत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी बोंडलं धुतलं, पुसलं आणि त्या बाईच्या हातात दिलं. "उकळून घ्या," म्हटलं. "दर वेळी."